उन्हात सर्वात आधी काय बिघडतं? थरच्या वाळवंटातला एक दिवस



उष्णतेचा त्रास म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? घाम, तहान, चक्कर, डोकेदुखी, पायात गोळे. ही सगळी लक्षणं बरोबर आहेत. पण आज ज्या लक्षणाबद्दल लिहितो आहे ते या यादीत सहसा नसतं, आणि माझ्या अनुभवात बऱ्याचदा तेच सगळ्यांच्या आधी येतं. ते लक्षण म्हणजे हट्ट. "थोडंच राहिलंय, एवढं उरकतो आणि मग बसतो."

पिंपळगाव बसवंत परिसरात राहणाऱ्यांना हे वाक्य नवीन नाही. एप्रिलमध्ये द्राक्षबागेत खरड छाटणी चालते. पानं गेलेली असतात, त्यामुळे मांडवाखाली सावली नसते. त्याच दिवसांत उन्हाळ कांद्याची काढणी असते. काम उक्तं घेतलेलं असतं, म्हणजे जेवढं लवकर संपेल तेवढं बरं. त्याच सुमारास चैत्रोत्सवासाठी खानदेशातून पायी चालत लोक सप्तशृंगगडाकडे निघालेले असतात. या सगळ्यांपैकी जे दवाखान्यात आणले जातात, त्यांच्या बरोबरचे लोक जवळपास एकच गोष्ट सांगतात: "आम्ही म्हणत होतो बस म्हणून, ऐकतच नव्हता."

लोक याला स्वभाव समजतात. पुष्कळदा तो आजाराचा भाग असतो. तो कसा असतो हे मी रुग्णांकडून ऐकलं होतं, पुस्तकात वाचलं होतं. स्वतःच्या शरीरात तो स्पष्ट पाहिला तो राजस्थानात, जैसलमेर ते बाडमेर रस्त्यावर, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एकट्याने सायकलवर असताना. त्या दिवसाची ही गोष्ट, आणि तिच्यातून तुमच्या कामाचं जे काही निघतं ते.

सायकल आणि नाशिकचे डॉक्टर

नाशिक जिल्ह्यातल्या डॉक्टरने सायकलबद्दल लिहिलं तर कुणाला नवल वाटू नये. अमेरिकेत 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' नावाची शर्यत होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती दोघांच्या संघाने पूर्ण केली. असं करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ मध्ये नाशिकमध्ये असलेले सैन्यदलातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याच वर्षी काही तासांच्या अंतराने नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले.

त्या शर्यतीत सुरुवातीलाच कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनाचं वाळवंट लागतं, तेही जून महिन्यात. स्वार एकटा असला तरी त्याच्यामागे गाडी असते आणि गाडीत माणसं असतात. किती प्यायलं, लघवी झाली का, बोलणं नीट आहे का, हे ती माणसं बघतात, टिपून ठेवतात आणि गरज पडली तर स्वाराला खाली उतरवतात. ही व्यवस्था का असते? कारण त्या अवस्थेतल्या स्वाराच्या निर्णयावर विसंबून चालत नाही. तो स्वतः डॉक्टर असला तरी.

दुसरा प्रकार म्हणजे सामान पाठीमागे बांधून एकट्याने लांबचा प्रवास. मूळच्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा अशा पद्धतीने, मागे कायमची गाडी न ठेवता केली. माझा प्रवास त्या मानाने अगदीच छोटा. जोधपूरहून पोकरण, तिथून जैसलमेर, एक दिवस विश्रांती आणि मग बाडमेर. वय ५६, वजन ६८ किलो, रक्तदाबाची एक गोळी चालू. बीआरएमच्या २०० आणि ३०० किलोमीटरच्या राइड्स केलेल्या होत्या. पण मागे गाडी नव्हती.

कागदावरची माणसं

गाडी नाही, मग तिचं काम कोण करणार? माझं उत्तर होतं एक कागद आणि एक फोन.

निघण्याआधी तीन आठवडे मी पिंपळगाव ते चांदवड रस्त्यावर मुद्दाम दुपारी सायकल चालवली. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. रक्तातला द्रवाचा भाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. रक्तदाबाच्या गोळीबद्दल मी माझ्या फिजिशियन मित्राचा सल्ला घेतला. डॉक्टरनेही स्वतःचा डॉक्टर होऊ नये. मग घरी, पंख्याखाली, डोकं शांत असताना एका कागदावर नियम लिहिले. एक प्रत हँडलच्या पिशवीवर चिकटवली, दुसरी पत्नीकडे दिली.

नियम असे होते. दुपारी १२ ते ४ सायकल बंद, सावली शोधायची. पाणी एक लिटरवर आलं की जिथे माणूस दिसेल तिथे थांबायचं. चार तास लघवी झाली नाही किंवा अगदी गडद झाली, तर पुढे जायचं नाही. प्रत्येक मोठ्या थांब्यावर घरी फोन. त्या फोनवर पत्नी मला तीन प्रश्न विचारणार: आज तारीख काय, पुढचं गाव किती किलोमीटर, आणि १०० मधून ७ वजा करत जा. ९३, ८६, ७९, ७२, ६५. बरोबर उत्तरं तिच्या कागदावर लिहून दिली होती. ही वजाबाकी आम्ही रुग्णांचं लक्ष आणि आकलन तपासायला वापरतो. तिच्या कागदाच्या तळाशी एक जादा ओळ होती. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

सकाळचे साठ किलोमीटर

जैसलमेर ते बाडमेर साधारण १५५ किलोमीटर. वाटेत ४० वर देवीकोट, १०० च्या आसपास शिव नावाचं गाव. बेत असा की १२ च्या आत शिव गाठायचं, चारपर्यंत तिथे पडून राहायचं आणि उरलेले ५५ किलोमीटर संध्याकाळच्या उतरत्या उन्हात करायचे.

पहाटे पावणेपाचला निघालो. अंधार, गार हवा, मधूनच सैन्याचे ट्रक. पाच लिटर पाणी, त्यातलं दोन लिटर ओआरएस. सात वाजता देवीकोटला चहा, आणखी एक लिटर पाणी भरून घेतलं. दोन्ही बाजूंना सपाट, दगडगोट्यांची जमीन, खेजडी, केर, रुईची झुडपं. रोहिड्याला केशरी फुलं आलेली. साडेआठला मीटरवर ६० किलोमीटर झाले होते. नाडी मिनिटाला १२५ च्या आसपास. सगळं बेतानुसार.

मग वारा सुरू झाला. त्या भागात एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. मार्चनंतर नैर्ऋत्येकडून येणारा वारा जोर धरतो आणि माझा रस्ता दक्षिणेकडे होता. वेग १८ वरून ९ वर आला. सायकल चालवणाऱ्यांना ठाऊक असतं की चढ संपतो, वारा संपत नाही. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं.

शरीरात काय चालू होतं

इथे जरा थांबून हिशेब समजून घेऊ, कारण तो बागेतल्या छाटणीलाही तसाच लागू आहे.

स्नायू जी ऊर्जा वापरतात तिच्यातली जेमतेम पाव शक्ती चाकाला मिळते. बाकीची तीन चतुर्थांश उष्णता होऊन शरीरातच राहते. ती बाहेर टाकायचे मार्ग दोन: त्वचेवरून हवेत जाणं आणि घाम वाळणं. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की पहिला मार्ग उलटा फिरतो, म्हणजे हवाच तुम्हाला तापवू लागते. मग उरतो फक्त घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. फार उत्तम यंत्रणा आहे, पण तिला कच्चा माल लागतो: पाणी आणि मीठ.

कोरड्या हवेत एक फसवणूक होते. पिंपळगावात जूनमध्ये शर्ट भिजून अंगाला चिकटतो, त्यामुळे घाम कळतो. थरच्या वाऱ्यात घाम येताच वाळतो. माझा शर्ट कोरडा होता, फक्त पाठीवर आणि बाह्यांवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. कोरडा शर्ट म्हणजे पाणी गेलं नाही, असं अजिबात नाही. अशा उन्हात तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त घाम सहज जातो. आतडं मात्र तासाला साधारण एक लिटरपेक्षा फार जास्त पाणी शोषू शकत नाही. त्यात पन्नाशीनंतर तहानेची जाणीव बोथट होत जाते.

पाणी कमी होत गेलं की रक्ताचं आकारमान घटतं. तेवढ्याच रक्तावर आता तिघांचा हक्क असतो: स्नायू, गार होऊ पाहणारी त्वचा आणि मेंदू. हृदय वेग वाढवून सगळ्यांना पुरवायचा प्रयत्न करतं. ११ वाजता माझा वेग सकाळच्या निम्मा होता आणि नाडी १५० च्या वर. सायकलच्या मीटरवर रस्त्यालगतचं तापमान ४१ अंश दिसत होतं. हे काही तिथलं टोक नव्हे. याच भागातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. पण त्या दिवशी माझ्यापुरते ४१ पुरेसे होते.

अकरा ते बारा

७८ किलोमीटरवर नकाशात दिसणारा ढाबा बंद होता. खाट उलटी टाकलेली, दाराला कुलूप. सव्वा लिटर पाणी शिल्लक. शिव २२ किलोमीटर, म्हणजे त्या वाऱ्यात अडीच तास.

त्या पुढच्या सहा किलोमीटरमध्ये मनात काय चाललं होतं ते मुद्दाम नोंदवतो, कारण लेखाचं कारण तेच आहे. मला त्रास होतोय असं वाटत नव्हतं. उलट डोकं जास्तच स्पष्ट झाल्यासारखं वाटत होतं. मी हिशेब करत होतो की १२ चा नियम हा ४० अंशांपेक्षा कमी तापमानासाठी नव्हताच, तो तर मे महिन्यासाठी होता. मग वाटलं की थांबलो तर स्नायू आखडतील, त्यापेक्षा हळूहळू चालत राहणं वैद्यकीयदृष्ट्या योग्य. एका मैलाच्या दगडावरचा आकडा दोनदा वाचावा लागला. मागून हॉर्न देत गेलेल्या जीपचा मला विनाकारण संताप आला. आणि अंगावर, भर उन्हात, एक बारीकसा शहारा येऊन गेला.

दवाखान्यात कुणी हे मला सांगितलं असतं तर मी त्याला लगेच झोपवून तपासलं असतं. चिडचिड, सोयीचे तर्क, साधा आकडा न कळणं, उन्हात शहारे. शरीरातलं पाणी दोन टक्क्यांनी घटलं तरी काम करण्याची क्षमता खालावते, आणि त्याच्या आसपास लक्ष व मनःस्थितीवरही परिणाम दिसू लागतो. गंमत अशी की जो अवयव हे ओळखणार, तोच बिघडत असतो. तापमापक स्वतःच तापल्यावर त्याचं वाचन कसं खरं मानायचं?

१२ ला पाच मिनिटं कमी असताना, ८४ किलोमीटरवर एक छोटं देऊळ आणि त्याला लागून प्याऊ दिसली. आपल्याकडच्या पाणपोईसारखीच. चुन्याने रंगवलेली खोली, रांजण, त्यांच्याभोवती गुंडाळलेलं ओलं गोणपाट, बाजूला खेजडीची सावली. पाणी एक लिटरच्या खाली आलं होतं. नियमाप्रमाणे उतरलो.

फोन

प्याऊवर पगडीवाले एक आजोबा होते. मी हात पुढे केला तर त्यांनी लोटा मागे घेतला. आधी बसा म्हणाले. मग गुळाचा खडा दिला, मग अर्धा लोटा पाणी, थोड्या वेळाने आणखी अर्धा. कुठून आलात विचारलं. नाशिक म्हणताच त्यांना कांदा आठवला. त्यांच्या बोलीत तो 'कांदो'.

आपल्याकडेही उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देतात. त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. ओआरएस याच तत्त्वावर चालतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाइन संपू लागलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाण्याचं हे मिश्रण मोठ्या प्रमाणावर वापरून असंख्य जीव वाचवले. गुळात साखर आहे, मीठ फारसं नाही. म्हणून मी पाण्यात ओआरएसचं पाकीट टाकलं.

नाडी मोजली: बसून दहा मिनिटं झाली तरी ११२. घरी फोन लावला.

तारीख बरोबर सांगितली. अंतर बरोबर सांगितलं. मग वजाबाकी. ९३, ८६, ७८.

"पुन्हा करा," पत्नी म्हणाली.

९३, ८६... ८०.

दोन-तीन सेकंद ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आज आता सायकल नाही. बाडमेरला गाडीने जा."

"अगं, इथे आवाज नीट येत नाहीये. आणि चार वाजता निघणार आहे, तोपर्यंत चार तास आहेत. सत्तर किलोमीटर तर राहिलेत."

"मी काही डॉक्टर नाही. कागदावर लिहिलंय ते वाचते. 'दोनदा चुकलो तर त्या दिवशी सायकल बंद. त्या वेळी मी जे कारण देईन ते ऐकू नकोस.' खाली तुमची सही आहे."

हीच ती तळाची ओळ. ती मी घरी, थंड डोक्याने लिहिली होती आणि आता ती माझ्याहून शहाणी होती. साडेतीनशेहून जास्त किलोमीटर झाले होते, शेवटचा टप्पा होता, आणि तो पुरा करावा असं मला फार मनापासून वाटत होतं. पण घरी दोन मुलं आहेत, दवाखाना आहे आणि त्या रस्त्यावर पुढे १६ किलोमीटर कोणी भेटेल याची खात्री नव्हती. बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

चार तास सावलीत. दोन लिटर ओआरएस, घोट घोट करत. आजोबांनी जिरं-मीठ घातलेलं ताक दिलं. ओला पंचा मानेवर, काखेत. दीडला लघवी झाली, अगदी गडद पिवळी, थोडी. साडेतीनला दुसरी, बरीच फिकी. हिशेब केला तर दीड-दोन लिटरची तूट होती, म्हणजे वजनाच्या सव्वादोन ते तीन टक्के. नाडी ८४ वर आली. पुन्हा वजाबाकी केली आणि शेवटपर्यंत गेलो. न चुकता गेलं तर शेवटी २ उरतात.

आता मात्र खरी कसोटी होती. मला बरं वाटत होतं, ऊन उतरत होतं. तरीही गाडीनेच जायचं ठरलेलं होतं, आणि त्याला वैद्यकीय कारणही आहे. उष्णतेने एकदा दमलेलं शरीर बरं वाटू लागलं तरी पुढचे एक-दोन दिवस उष्णता नीट सोसू शकत नाही. सलाइन लावल्यावर दोन तासांत उठून पुन्हा बागेत जाणाऱ्यांना मी हेच सांगत असतो.

पाचच्या सुमाराला जिऱ्याची पोती भरलेली एक पिकअप थांबली. त्या दिवसांत तिकडे जिऱ्याचा हंगाम असतो. सायकल पोत्यांवर आडवी बांधली. चालक रस्ताभर गुजरातमधल्या उंझा बाजारातल्या जिऱ्याच्या भावाबद्दल बोलत होता, आणि मला पिंपळगावच्या बाजार समितीतले लिलाव आठवत होते. शिवपर्यंतच्या पट्ट्यात खिडकीतून मी सावली मोजत गेलो. बसण्यासारखं एक झाड आणि दोन बंद टपऱ्या. वारा तसाच होता. बाडमेरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने जोधपूरला परतलो.

तुमच्यासाठी यात काय आहे

तुम्ही वाळवंटात सायकल चालवणार नाही, हे मला माहीत आहे. पण मार्च ते जून या काळात तुमच्यापैकी कित्येक जण एकटे मळ्यात असतात, दुचाकीवर लांब जातात, पायी गडावर निघतात किंवा बाजार समितीच्या आवारात पोती उचलतात. म्हणून काही गोष्टी.

१. नियम आदल्या दिवशी ठरवा. किती वाजता थांबायचं, किती पाणी न्यायचं, कोणाला फोन करायचा. उन्हात घेतलेल्या निर्णयावर भरवसा ठेवू नका. छाटणी-काढणी पहाटे सुरू करून ११-१२ ला थांबवा, उरलेलं काम चारनंतर करा.

२. 'बस' म्हणण्याचा अधिकार दुसऱ्याला द्या. टोळीत काम करत असाल तर जोड्या लावा. एकटे असाल तर ठरलेल्या वेळी घरी फोन करा. समोरचा चिडचिड करतोय, उलटं बोलतोय, साधा हिशेब चुकतोय, अडखळतोय, तर वाद घालू नका, त्याला सावलीत आणा.

३. तहान लागण्याची वाट पाहू नका, पण पाणी ढोसूही नका. कष्टाच्या कामात दर १५-२० मिनिटांनी एक पेला, आणि तासाला दीड लिटरपेक्षा जास्त कधीच नाही. तासन्‌तास घाम गाळून नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घटतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, भान हरपतं. मध्ये ओआरएस, मीठ घातलेलं ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घ्या. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच टाका. घरी करायचं तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

४. लघवीचा रंग पाहा. फिकी असेल तर ठीक. गडद असेल, किंवा चार तास झालीच नसेल, तर काम बंद. चहासारखी तपकिरी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे या.

५. औषधांबद्दल आधी विचारा. रक्तदाब किंवा हृदयासाठी लघवी वाढवणारी गोळी, मधुमेहाच्या काही गोळ्या, काही मानसिक आजारांची आणि अ‍ॅलर्जीची औषधं उन्हात जास्त त्रास देऊ शकतात. मनाने बंद करू नका. उन्हाळा सुरू होण्याआधी डॉक्टरांना भेटून विचारा. हृदय-मूत्रपिंडाचे आजार असणाऱ्यांनी पाणी-मिठाचं प्रमाणही विचारूनच ठरवावं.

६. उष्माघात ओळखा. अंग भट्टीसारखं गरम आणि बोलणं-वागणं बिघडलेलं, झटके किंवा बेशुद्धी, ही जिवावरची वेळ आहे. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करा आणि त्याच वेळी गार करायला सुरुवात करा. कपडे सैल करा, पाइपने अंगावर सतत पाणी सोडा, वारा घाला. बर्फ असेल तर मान, काख, जांघेत ठेवा. औषध फवारणीच्या टाकीतलं पाणी वापरू नका. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊन उपयोग नाही. हा ताप नव्हे, शरीराची गार होण्याची यंत्रणा बंद पडलेली आहे. गाडीची वाट पाहत गार करणं थांबवू नका. पहिल्या अर्ध्या तासात शरीर किती गार झालं यावर पुष्कळ काही ठरतं.

हा लेख वाचून झाल्यावर एक काम करा. घरातल्या ज्या माणसाला उन्हात जावं लागतं त्याच्याबरोबर बसून चार ओळींचा कागद लिहा: थांबायची वेळ, पाणी किती, फोन कोणाला, आणि 'बस' कोण म्हणणार. तो फ्रिजवर किंवा बागेतल्या खोलीच्या दाराला लावा. १०० मधून ७ वजा करायला सगळ्यांना जमेलच असं नाही. त्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा, किंवा मुलांची नावं मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. रोज जे सहज येतं ते आज अडलं, तर सावलीत बसवा आणि अर्ध्या तासात फरक पडला नाही तर दवाखान्यात घेऊन या.

काळजी घ्या.